दिवाळीनंतर, समुद्राच्या आत

सर,

खरे तर ‘मामाजी’ म्हणायला हवे. लग्नानंतर चारचौघांत तुम्हांला मामाजीच म्हणत आलो आणि मनातल्या मनात मात्र सर. जावई म्हणून तुमच्यासमोर बसताना माझी मान ताठ असे. विद्यार्थी म्हणून ती आपोआप खाली जाई. आजचा विषय खाली मान घालून बोलण्याचा आहे, म्हणून सर. तुम्हांला जाऊन इतका काळ लोटला आहे की सेलूच्या तुमच्या घरात, ज्या ओसरीवर तुम्ही आम्हांला संधी सोडवायला बसवत होता, तिथे आता मोबाईल दुरुस्त होतात. दुकानदार सज्जन आहे. ‘इथं संस्कृतचे मास्तर राहत होते ना?’ असे त्यानेच मला विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. विद्वत्तेचे उत्तरायुष्य साधारण असेच असते, असे माझे नम्र निरीक्षण आहे.

तर विषय. आपली सुकन्या, अर्थात् माझी धर्मपत्नी, पन्नाशीत पदार्पण करून समुद्राच्या आत उतरण्याचा संकल्प करती झाली आहे. मालदीव नामक द्वीपसमूहात हा संकल्प सिद्धीस जाऊ शकतो. त्याचे मार्ग दोन. पहिला : एका बेटावरील अतिविलासी निवास, जिथे पाण्यात खांब रोवून उभारलेल्या कुटीरात राहायचे, सकाळी प्रशिक्षकाबरोबर बुडी मारायची आणि उरलेला दिवस पांढऱ्या पंच्यांमध्ये गुंडाळून घ्यायचा. दुसरा : आठवडाभर एका बोटीवरच खायचे, प्यायचे, झोपायचे, बोट रोज नव्या प्रवाळाशी नेऊन उभी करणार आणि प्रवासी उजाडल्यापासून पाण्यात. या दोहोंतून एकाची निवड करण्याचे उत्तरदायित्व देवळीतल्या एका पंपविक्रेत्यावर येऊन पडले आहे. आजन्म मी अशीच यंत्रे विकली जी विहिरीत बुडूनच सुखी राहतात. स्वतः मी गुडघ्यापलीकडच्या पाण्याला दुरून नमस्कार करतो. ते तुम्हांला सांगायला नको. तुम्हीच त्याचे साक्षीदार आहात.

ती विहीर आठवते. सेलूच्या बाहेरची तुमच्या शेतातली, उन्हाळ्यातही निम्म्याहून जास्त पायऱ्या बुडालेली. सुट्टी लागली की वर्गातली सगळी पोरे तुमच्यामागून निघत आणि तुम्ही धोतराचा काच्या मारून आत उडी घेत असा. वर्गात पाणिनीच्या भाषेत बोलणारे तुम्ही विहिरीत उतरलात की अगदी आपल्या गावचे होत असा. माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला आहे, दोन्ही हातांनी मी कडेचा दगड धरला आहे आणि तुम्ही खालून ओरडत आहात, ‘हात सोड, लेका! पाणी तुले खाऊन नाई राह्यलं!’ मी हात सोडत नाही. तुमचा नियम असा की तळाची मूठभर माती वर आणून दाखवल्याशिवाय कोणी बुडी मारली असे म्हणायचे नाही. पोरे वर येत, मुठी उघडत, काळा चिखल दाखवत. आणि एक मुलगी, दोन वेण्या घट्ट बांधलेली, सगळ्यांत जास्त वेळ खाली राहून वर येते, दोन्ही मुठी भरून आणते आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, ‘बाबा, या पोट्ट्याले वर काढा ना. नुसतं पाणी गढूळ करून राह्यला.’ पुढे त्याच पोट्ट्याला तुम्ही ती मुलगी दिलीत. आपल्या निर्णयक्षमतेविषयी माझ्या मनात त्या एका बाबतीत शंका कायम आहे.

लग्नात तुम्ही मला बॅटरी दिलीत. इतर जावयांना फटफट्या मिळत होत्या, मला तीन सेलची पितळी बॅटरी. मांडवातले लोक हसले. मीही हसलो आणि ‘प्रकाशदान हे सर्व दानांत श्रेष्ठ’ असे काहीतरी बोलून गेलो. तुम्ही हसला नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणालात, ‘जावईबापू, अंधार पडला का हिले एकटी बाहेर नका पाठवजा.’ एवढेच. मला वाटले बापाची काळजी. तुम्ही स्वतः त्या वेळी वर्गात पुस्तक उघडत नव्हता. सगळे पाठ आहे, अशी तुमची ख्याती होती. भिंतीला हात लावून चालत होता. वयोमान, अशी आमची समजूत होती. शेवटची वर्षे तुम्हांला काहीच दिसत नव्हते, तरी कोणी हात पुढे केला की तुम्ही तो बाजूला सारत असा. ‘मले रस्ता माहीत आहे.’

आमच्या घरात गाजराचा खप किती झाला याला सीमा नाही. तिला संध्याकाळनंतर कमी दिसे, त्याला माझी आई रातांधळेपणा म्हणे आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी करी. आईच्या मागे मी ती परंपरा निष्ठेने चालवली. पपई, गाजर, शेवगा, पुन्हा गाजर. सणासुदीला गाजराचा हलवा, म्हणजे औषधोपचारही आणि उत्सवही. वर्षानुवर्षे एका असाध्य व्याधीवर आम्ही भाजीपाल्याने चाल करून जात होतो, आणि दोघेही समाधानी होतो.

मग गेल्या वर्षी ती दुकानाच्या पायरीवरून पडली, भरदुपारी. पायरी तिला दिसलीच नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत पुष्कळ वेळ पाहिले, मग तिच्या वडिलांविषयी विचारले. मी तुमची विद्वत्ता सांगू लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवले. त्यांना तुमची विद्वत्ता नको होती, तुमचे डोळे हवे होते. हे रक्तातून येते, म्हणाले. आधी रात्र जाते, मग कडा जातात, दृष्टी चहूबाजूंनी आवळत येते, शेवटी मधे एक छिद्र राहते आणि मग तेही. उपाय नाही. ती म्हणाली, ‘म्हणजे विहिरीच्या तळाहून आभाळ दिसते तसं. मले तसंच दिसून राह्यलं, डॉक्टरसाहेब, बऱ्याच दिवसांचं.’ बऱ्याच दिवसांचं! मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

येताना सेलूला तिने गाडी थांबवायला लावली. शेत विकले गेले आहे, विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आहे. तिने जाळीला चेहरा लावून खाली पाहिले. मग म्हणाली, ‘जिंदगीभर पाण्याच्या खाली गेली अन् तिथं पाह्यलं काय तं काळं. समुद्रात खाली रंग असते म्हणतात. मले तेवढं पाहाचं आहे, जी. बाकी काही नाई.’

सर, तुम्हांला ठाऊक होते का? हा एकच प्रश्न मला विचारायचा आहे आणि त्यासाठीच हे इतके लांबण. ठाऊक होते, म्हणूनच बॅटरी. मग सांगितले का नाहीत? सांगून काय झाले असते, हेही मला कळते. गाजरे कमी लागली असती. पण तिने रंग आधीच पाहिले असते, दोन्ही डोळे भरून. तुम्ही मात्र एका नवख्या जावयाच्या हातात एक उजेड ठेवलात आणि गप्प राहिलात. तुमच्यावर रागावण्याचे धाडस मला शाळेत झाले नाही, मांडवात झाले नाही, तुम्हांला खांदा देतानाही झाले नाही. आज होत आहे, आणि आज तुम्ही नाही.

वर्ध्याचा आमचा प्रवासवाला आजवर चारधामच्या बसगाड्या भरत होता. मागणी ऐकून तो खुर्चीवरून उठलाच. ‘भाऊ, आपल्याकडचे लोकं समुद्रावर गेले. समुद्राच्या आत जाणारी वहिनी पह्यलीच!’ तिने मात्र तोवर नागपूरच्या एका पोहण्याच्या तलावात बुडी मारण्याचे प्राथमिक धडे उरकूनही टाकले होते. पूर्ण बाह्यांचा काळा पोशाख घालून ती पाण्यात उतरली, तेव्हा शिकवणाऱ्याने विचारले, ‘मावशी, भीती नाई ना वाटत?’ ती म्हणाली, ‘मले नाई वाटत. ते काठावर बसले ना, त्यायले विचारा.’ डॉक्टरांनीही अनुमती दिली : पाण्याने डोळ्यांचे काही बिघडणार नाही, बिघडायचे ते बिघडलेलेच आहे; सांभाळायचे ते अंधाराला आणि पायऱ्यांना.

अंधार आणि पायऱ्या म्हणजे तंतोतंत बोट. म्हणून मी निवासाचा पक्ष घेतला, आणि तो किती विद्वत्तेने मांडला म्हणून सांगू! प्रकाशित मार्ग, सर्वत्र कठडे, बेटावर वैद्य, शिवाय कुटीराच्या जमिनीला काच, म्हणजे बिछान्यावरूनच मत्स्यदर्शन. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, ‘पलंगावर बसून मासे पाहाचे असन तं काचेची पेटी आणा ना घरी. तिकडं काऊन जाचं मग?’

‘अगं, तुझ्या सुरक्षिततेचा विचार...’

‘मले काय शोकेसमध्ये ठेवून राह्यले का तुमी? बेटावर एकच जागा, रोज तेच तेच पाहाचं. बोट रोज नवीन ठिकाणी नेते. माझ्याजवळ दिवस कितीक आहेत, सांगा बरं.’

तव्यावरची पोळी तिने हाताने चाचपून उलटली. तिचे बोट भाजले, हे तिने मला दाखवले नाही आणि मी पाहिले हे मी तिला सांगितले नाही. आमच्या संसाराची सध्याची व्यवस्था अशी आहे.

शाळेत मी गायीवर निबंध लिहिला होता. त्यात समास, अलंकार, सगळे होते. तुम्ही तो वाचून वही परत केलीत आणि म्हणालात, ‘उत्तम. यात गाय कुठे आहे?’ गेले कित्येक महिने मी दोन्ही पर्यायांचा असाच व्यासंग करत बसलो आहे : ऋतू, वारे, भोजनव्यवस्था, पाण्याची नितळता. तिकडे तिचे छिद्र आवळत चालले आहे. उन्हाळ्यात ती माझा पूर्ण चेहरा पाहत होती. आता बोलताना आधी माझी मिशी शोधते, मग तिथून वर सरकत डोळ्यांपर्यंत येते. डॉक्टरांनी परवा सांगितले की दिवाळीपर्यंत किती उरेल ते सांगता येत नाही. कदाचित रंग आधीच जातील. सगळे जमवून निघायचे ते दिवाळीनंतरच. म्हणजे ती समुद्राच्या आत उतरेल आणि तिथेही तिला काळेच दिसेल, हे अगदी संभवनीय आहे. हे तिलाही ठाऊक आहे. मी म्हटले, मग जायचे कशाला? तर म्हणाली, ‘नाई दिसलं तं नाई दिसलं. पण घरी बसून नाई दिसलं, असं नाई झालं पाह्यजे.’

आज दुपारी मी वर्ध्याला फोन करून बोट निश्चित केली. तो म्हणाला, ‘भाऊ, तुमी तं बेटाच्या मागं होते!’ मी त्याला प्रवाळांच्या वैविध्यावर एक छोटे व्याख्यान दिले. तेच तिलाही दिले. ती हसली, खूप दिवसांनी, आणि म्हणाली, ‘शेवटी अक्कल आली म्हणाची.’

अक्कल आलेली नाही, सर. घरात ती आता तुमच्यासारखी चालते, भिंतीला हात लावून. मी हात पुढे केला की म्हणते, ‘राहू द्या, मले माहीत आहे.’ बेटावर सगळीकडे कठडे आहेत. तिथेही ती कठड्याला धरून एकटीच चालली असती. बोट मात्र हलते. अरुंद जिने, ओला लाकडी पृष्ठभाग, सूर्य बुडाला की तिला काहीच नाही. तिथे तिला माझा हात धरावाच लागेल. प्रवाळांशी, तिच्या इच्छेशी, तिच्या उरलेल्या रंगांशी माझ्या निवडीचा काही संबंध नाही. तिला धोक्याच्या जागी नेतो आहे, ते एवढ्यासाठी.

हे पत्र टाकायला पेटी नाही. पूर्वी मी असे काही लिहिले की ती शोधून काढी आणि माझा एकेक शब्द मोठ्याने वाचून घरभर हसत सुटे. म्हणून लिहिलेले कुलपात ठेवावे लागे. हे मी जेवणाच्या टेबलावर तसेच ठेवले आहे. ती आत्ताच शेजारून गेली. कागदांवर हात पडला तेव्हा तिने ते नीट एकसारखे केले, वर मिठाची बाटली ठेवली आणि विचारले, ‘दुकानाचं आहे का, जी?’

मी हो म्हणालो.