हाताची शेड

४ फेब्रुवारी
नवी मेकअपची पॅलेट आली एकदाची. सोनेरी झाकण, आतल्या खणांत यंदाचे सगळे रंग. कुरिअरवाला जिना उतरायच्या आत उघडली, धीरच नव्हता. वि. बँकेत निघाला होता, बूट घालता घालता किंमत विचारली. निम्मी सांगितली, तरी एक बूट हातात घेऊन बघत राहिला. नवऱ्याला निम्मंच सांगायचं असतं.

यंदा गुलाबी गेला, चमचम गेली. विटकरी, भाजल्या मातीचा, वाळल्या गुलाबाचा, दुधाळ कॉफीचा, असलं सगळं. नवऱ्या मुली मोबाइलवर हेच दाखवतात. माझ्याकडे नवऱ्यांचे केस करणारी शबाना सामान लावत होती, वाकून बघितलं न् म्हणाली, "ताई, ये तो पूरी मिट्टी है. बाहर भी मिट्टी, डब्बे में भी मिट्टी." खाली टँकर लागलेला, बायका पाइपवरून भांडत होत्या. आम्ही दोघी हसलो.

डाव्या अंगठ्याला नखापाशी फाउंडेशन राहिलंय. साबणानं निघालं नाही. उद्या तेलानं काढीन.

६ फेब्रु.
तेलानंही नाही. फाउंडेशन नाहीच ते.

९ फेब्रु.
सिडकोतल्या त्वचेच्या डॉक्टर. खोलीत अंधार करून निळा दिवा धरला हातावर. तर्जनीवर आणखी दोन डाग निघाले, जे मला अजून दिसलेही नव्हते. इंग्रजी नाव सांगितलं. मी म्हटलं, कोड म्हणा ना सरळ. "हो, कोड." कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही. मलम, गोळ्या, रोज थोडं ऊन. वाढेल का विचारलं. सांगता येत नाही म्हणाल्या.

लागत नाही हे मला माहीत आहे. मला सांगून काय उपयोग? नवऱ्या मुलीच्या आईला कोण सांगणार? इतकी वर्षं हा हात लोकांच्या लेकींच्या तोंडावरून फिरतोय. उद्या कुणी म्हटलं या हाताचं नको, तर संपलं. मला दुसरं काही येत नाही. शिकायचं वयही गेलं.

रिक्षात रडले. रिक्षावाल्यानं आरसा जरा फिरवला. भला माणूस.

१३ फेब्रु.
गारखेड्यात साखरपुडा. कुणाच्या लक्षात आलं नाही. रंग मी पहिल्यापासून डाव्या हाताच्या पाठीवर कालवते, त्यामुळे काम करताना हात रंगलेलाच असतो. अंगठ्या-बोटावर जरा जास्त फिरवला की झालं. मलाच माझं कौतुक वाटलं.

घरी पट्टी बांधलीये. वि.ला भाजलं म्हणून सांगितलं.

२१ फेब्रु.
करमाडच्या प्राजक्ताची मेकअपची ट्रायल. लग्न १८ एप्रिलचं, तिच्या घरीच. जमीन शेंद्र्याच्या कारखान्यांत गेली, आता दुमजली बंगला, न्हाणीघरात परदेशी नळ, आणि पाणी टँकरचं. आई लहानपणीच गेली. आत्यानं वाढवलंय, तीच सोबत आली होती.

पोरीनं स्वतःची पॅलेट आणली, मामेभावानं दुबईहून पाठवलेली. माझ्या पॅलेटहून भारी. रंग बोटाला लागला की लोण्यासारखा पसरतो. हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

सावळी, देखणी, हट्टी. "मला माझ्याच रंगाची ठेवा ताई. पांढरंफटक नको." हीच आता फॅशन, आपल्या कातडीचा रंग. कंपन्यांना उशिरा सुचलं. आत्याला पटेना. "हिचं ऐकू नका. लई नाय, पन थोडी उजळ करा. फोटो जन्मभर ऱ्हातेत."

हनुवटीखाली हात धरला. माझ्याहून दीड शेड खाली, जराशी तांबूस. आत्यानं विचारलं, रंगाचं कार्ड नाय का लागत? सांगितलं, माझा हात हेच कार्ड. समोरची माझ्याहून किती उजळ, किती सावळी, एवढं दिसलं की पुढचं आपोआप कालवलं जातं. आजवर चुकलं नाही. बोलताना अंगठा मुठीत मिटून घेतला होता.

२ मार्च
अंगठ्याचा न् तर्जनीचा डाग मिळाले एकमेकांना. मनगटावर नवा. सगळ्या गावाला उन्हात जाऊ नका म्हणून सांगणारी मी, रोज गच्चीवर हात पसरून बसते. शेजारच्या काकूंना वाटतं पापड राखतेय.

नळाला आठव्या दिवशी पाणी. मी हात धुते, रंग लावते, पटत नाही, परत धुते. बादली संपली म्हणून वि. ओरडला. पट्टी सोडून दाखवलं. तो जवळ आला. मग म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?" हात हातात घेतला. फार बरं वाटलं.

३ मार्च
न्हाणीघरात माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर.

विचारलं नाही. विचारलं तर काहीतरी सांगेल आणि मला ते खरं मानावं लागेल.

११ मार्च
सोयगावचं लग्न. वाटेत विहिरी कोरड्या, एका गावाला हंड्यांची रांग रस्त्यापर्यंत. नवरीला शाळेच्या खोलीत बसवलेलं, एकच ट्यूब, तीही लुकलुकणारी. गव्हाळ मुलगी. हनुवटीखाली हात धरला, बरोबर दिसलं, कालवलं, लावलं. मंडपात, उन्हात आली तेव्हा दिसलं. चेहरा राखाडी, गळा वेगळाच. तोंडाला राख फासल्यासारखी दिसत होती.

काय चुकलं ते तिथेच कळलं. मी तिला माझ्या हाताशी ताडलंच नव्हतं. हातावरच्या रंगाशी ताडलं. पहाटे घाईत डाग झाकायला जो रंग फासला तो माझा नव्हताच, माझ्याहून चांगला सावळा होता; त्यापुढे ती होती त्याहून उजळ दिसली. माझी मोजपट्टीच खोटी. असली चूक दुसऱ्या कुणाला करताही येणार नाही.

नवरीच्या बहिणीनं विचारलं, "ताई, ही अशी काऊन दिसायली?" उन्हामुळे, म्हटलं. तोंड वर करून खोटं बोलले.

१२ मार्च
सोयगावच्यांनी फोटो टाकलेत, माझं नाव घालून. खाली कुणीतरी विचारलंय, नवरी आजारी होती का.

शबानाला सांगून टाकलं. ती पिना निवडत होती, मान वर केली नाही. "मेरेकू फरवरी से मालूम है ताई. तुम बोले नै, तो मैं भी नै बोली." मग म्हणाली, छुपाए तो जास्ती दिखता. तिचं म्हणणं, गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. आणि रंग मी कालवून द्यावा, लावेल ती. इतकी वर्षं शेजारी उभं राहून बघतेय, येईल तिला.

मला राग आला. तिचा नाही, पण निघाला तिच्यावर. केस ओढणं वेगळं, चेहरा वेगळा, असं काहीतरी बोलले. ती पिना निवडत राहिली. संध्याकाळी नेहमीसारखा चहा केला तिनं, दोन कप.

२० मार्च
स्टीलची ताटली घेतली, कालवायला. गिऱ्हाइकांना सांगते, स्वच्छतेसाठी. खूश होतात. हात आता पूर्ण रंगवूनच बाहेर पडते, कोपरापर्यंत. शेड ताडायला दंड बघते, बाही वर करून. दंड उन्हात गेलेला नाही, त्याचा रंग निराळा. मनात हिशेब करावा लागतो. पूर्वी करावा लागत नव्हता.

माझ्या हाताचा रंग नेमका कसा होता ते आठवत बसले. जुने फोटो काढले. एकाही फोटोत हात नीट नाही, सगळ्यांत नवऱ्या मुलीच.

२ एप्रिल
प्राजक्ताची दुसरी ट्रायल. आत्या गुलमंडीत बांगड्या बघायला गेली. तेवढ्यात ठरवलं, ओल्या कापसानं हात पुसला आणि तिच्यापुढे धरला. सांगितलं काय आहे ते.

ती दचकली, मग स्वतःच वरमली. "लागत नाही ना?" नाही. बोट लावून बघितलं तिनं डागाला. "मग तुम्हीच या ताई. फक्त आत्याला नका कळू देऊ. लावून या हाताला."

स्वतःच्या तोंडावर झाकणारा रंग नको म्हणणारी मुलगी ही. पण तिचं तरी काय चुकलं? लग्नघरात तिचं किती चालणार. मी बरं म्हटलं. शबानाला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "देखो ताई."

बरं म्हणायला नको होतं. पण काम हवं होतं. आणि तो चेहरा मला करायचा होता.

१९ एप्रिल
काल लिहायला बसले होते, झालं नाही.

करमाडला उजाडताच पोचलो, शबाना न् मी. वीज गेलेली. बंद खोलीत एसी नुसता भिंतीवर. टँकर आला नव्हता, वऱ्हाडाला तांब्यातांब्यानं पाणी देत होते. आत्या भल्या पहाटेपासून पायांवर. आम्हाला आधी चहा दिला, मग खिडकी उघडून दिली उजेडासाठी.

चेहरा छान जमत गेला. रंग अचूक लागला, तिचाच, कुठून सुरू होतो ते कळू नये असा. डोळ्यांवर तिच्या पॅलेटमधला विटकरी, कडेला कॉफी. तिनं आरशात बघितलं आणि लाजली. किती दिवसांनी मला काम करताना भीती वाटत नव्हती.

मग हनुवटी जराशी वर करायला अंगठा टेकवला. हाताला घाम. अंगठा काढला तर तिच्या हनुवटीवर माझ्या हातावरचा रंग उमटलेला, आणि माझा अंगठा उघडा. आत्या आरशामागेच उभी होती. तिनं अंगठ्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आरडाओरडा केला नाही. बाकीच्या बायकांना बाहेर काढलं, दार लावलं. स्वतः जाऊन बादली घेऊन आली. भरलेली, काठोकाठ. "धू बाई तोंड." प्राजक्ता उठली. एकदा माझ्याकडे बघितलं, वाटलं आता बोलेल. ती मोरीकडे वळली. आत्यानं साबण लावून दोनदा धुवायला लावलं, गळासुद्धा. बाहेर लोक चूळ भरायला पाणी मागत होते, आणि इथे बादलीभर पाणी माझा हात धुऊन काढायला. मोरीत सगळं लालसर झालं. मी बघत उभी. मेले असते तर बरं, असं वाटलं.

मग आत्या माझ्याकडे वळली. "राग धरू नका ताई. तुमाला मी वाईट म्हनत नाय. पन माय नाय तिला. उद्या कायबी झालं तर समदे मला इचारतीन." मी म्हटलं, ते लागत नाही. "नसन लागत," ती म्हणाली. "पन आज नको."

शबाना पुढे झाली. हात धुतले, ब्रश उचलला. मी भिंतीला टेकून सांगत गेले. अर्धी शेड खाली. तांबूस घे थोडा. कमी कर. आता कानाकडे ने. तिनं पहिल्यांदा जपून लावला, मग हात सरावला. नवरी चांगली झाली. मी केली असती तेवढीच चांगली झाली, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

निघताना आत्यानं नारळ न् ब्लाउजपीस दिला. शबानाला हातात. माझा खुर्चीवर ठेवला.

२० एप्रिल
शबानाची माफी मागितली, मार्चमधल्या बोलण्याची. "छोडो ना ताई." पण आज पहिल्यांदा तिनं माझ्याआधी पॅलेट उघडली.

वि. म्हणतो, एक सीझन थांब. लोकांना काय सांगू विचारलं तर म्हणाला, पाठदुखी सांग. त्याच्या दृष्टीनं तो माझी बाजूच घेतोय.

२ मे
प्राजक्तानं लग्नाचे फोटो टाकलेत. खाली माझं नाव लिहिलंय, मेकअप: सुलभाताई. शबानाचं नाव नाही. का लिहिलं असेल तिनं? लाज वाटली म्हणून, की प्रेमानं, की आत्याला दाखवायला? कौतुकाचा पाऊस पडलाय खाली. शबानाचं नाव टाकायला सांगते म्हटलं तर म्हणाली, "मेरा बाद में डालो. पहले काम तो आने दो."

४ मे
ते फोटो बघून चितेगावहून एका आईचा फोन. जूनमध्ये लग्न आहे, लेकीला तस्साच चेहरा हवाय. मी नमस्कार झाल्याझाल्या सांगितलं. मला हातावर कोड आहे. लागत नाही. रंग मी काढते, तुम्हाला हवं असेल तर चेहऱ्याला हात माझी जोडीदारीण लावेल. एका दमात बोलले, शाळेत कविता म्हणतात तसं.

पलीकडे टीव्ही चालू होता, कुणीतरी तो बंद केला. मग म्हणाल्या, "बघू. उद्या सकाळून येतोत आमी."

६ मे
काल आल्या नाहीत.

हात धुऊन बसले होते, काही न लावता. खुर्ची खिडकीशी ठेवलेली, सकाळचा उजेड तिथे खरा पडतो. शबानाही लवकर आलेली, नवा ड्रेस घालून. दुपार झाली. ती म्हणाली, कुर्सी उठाऊं क्या? नको म्हटलं. चितेगावहून यायचं म्हणजे बस, त्यात बिडकीनकडचा रस्ता खणलेला. संध्याकाळी ती गेली आणि मी एकटीच खुर्चीकडे बघत बसले. फोन करावासा वाटला. केला नाही.

आज परत हात तसाच ठेवलाय. आत्ता खाली रिक्षा थांबली. बायकांचं बोलणं ऐकू येतंय, एक आवाज तरुण आहे. जिना चढतायत. वरच्या मजल्यावर आज बारसं आहे, तिकडचीही असतील. शबाना दाराकडे बघतेय. माझा हात ओढणीखाली गेला होता, बाहेर काढला.