ब्रेकचा पाय

२ मार्च, सकाळी

संकल्प: या महिन्यात साहेब चालू झालेच पाहिजेत.

साहेब म्हणजे बाबांची जुनी मोटारसायकल. (ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी लिहून ठेवते. पुढे मलाच शंका नको.) इंग्रजी थाटाची. थेंबासारखी टाकी, टाकीवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ, हेडलाइटला छोटी टोपी. नवीन गाड्या किंचाळतात, साहेब एकेक शब्द तोलून बोलतात. बोलत असत. डिसेंबरपासून गप्प आहेत.

बाबाही डिसेंबरपासून जवळजवळ गप्पच. झटका आला, डावी बाजू अधू झाली. पण सुधारणा आहे. काल त्यांनी डाव्या पायाचा अंगठा हलवला. आई म्हणाली, पंख्याने चादर हलली. आईला चांगलं बघायची सवयच नाही.

महिन्याअखेर आम्ही चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाणार. पार्किंग एकच. जुन्या गाड्या जमवणारं एक गिऱ्हाईक आहे, दादा म्हणाला. मी म्हटलं, बाबांची गाडी विकायची नाही. मग चालव, म्हणाला. घर सोडायच्या आत कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलीस तर पार्किंग साहेबांचं, माझी कार उन्हात. आईला साक्षीदार केलं. आई म्हणाली, दोघांनाही कामं नाहीत.

बाबा काही बोलले नाहीत. मौन म्हणजे संमती.

प्लॅन सोपा आहे. बाबांचा पाय बरा होईपर्यंत मी साहेबांना चालतं ठेवायचं, मग किल्ली त्यांच्या हातात द्यायची. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न.

४ मार्च

पहिला धडा. बाबांना चाकांच्या खुर्चीसकट शेडच्या दारात आणलं. त्यांची जीभ अजून जड आहे, पण गाडीबद्दल बोलताना शब्द अडखळत नाहीत. हे डॉक्टरांना सांगायला हवं.

रीत अशी. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्ब्युरेटरवरचं बटण दाबायचं, पेट्रोलचा थेंब दिसला की थांबायचं. किक हळूहळू खाली न्यायची, हेडलाइटमागच्या ॲमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं. डावीकडची छोटी पट्टी ओढून इंजिनातली हवा सोडायची, किक जराशी पुढे, पट्टी सोडायची. मग अंगातलं सगळं वजन एका पायात घालून किक.

पेट्रोलचा थेंब दिसला. बाबा म्हणाले, पुरे. मी आणखी थोडं दाबलं. कमी पडायला नको. बाबा म्हणाले, अगं पुरे. मी शेवटचं एकदा दाबलं. पेट्रोल जमिनीवर सांडलं, प्लग भिजला, साहेब ढिम्म. पण काटा बरोब्बर मध्यावर आला होता! पहिल्याच दिवशी एवढं म्हणजे पुष्कळ.

बाबा म्हणाले, तुझ्या आईच्या स्वयंपाकात मीठ असंच पडतं. आईने आतून विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही.

७ मार्च

शिकण्यात मला एक फायदा आहे. जुन्या साहेबी गाड्यांत गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो, आताच्या गाड्यांच्या उलट. बाकीच्यांचा इथे गोंधळ होतो. माझा होणार नाही. लहानपणी मी चपला उलट घालायचे, तेव्हा बाबांनी मला टाकीवर बसवून डावं-उजवं शिकवलं. हा गिअरचा पाय, हा ब्रेकचा पाय. शाळेत बाईंनी डावा हात वर करा म्हटलं की मी ब्रेकचा हात वर करायचे.

आजही तेच चालतं. चष्म्याच्या दुकानात काचा बसवताना मी मनात म्हणते, गिअरचा डोळा, ब्रेकचा डोळा. एकदाही चूक नाही. मालकांनाही हे माहीत आहे. (हे लिहू नये, दृष्ट लागेल. पण खरं आहे.)

१० मार्च, संध्याकाळी

साहेबांनी लाथ मारली. काटा मध्यावर आणला होता, पट्टीसुद्धा ओढली होती. सोडायची राहिली की आधीच सुटली, हा वादाचा मुद्दा आहे. किक उलटी आली आणि पिंडरीवर बसली. पाय काळानिळा.

आई म्हणाली, घरात एक लंगडणारा आहे तेवढा पुरे. मग तेल गरम करायला गेली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांना विचारलं, बाबांचा पाय जूनपर्यंत बरा होईल ना? त्या म्हणाल्या, काठी घेऊन घरातल्या घरात चालले तर आपण जिंकलो. मी म्हटलं, हो, पण त्यानंतर? त्यांनी पिशवी भरली. घाईत असतात बिचाऱ्या, पेशंट फार.

१५ मार्च

शोरूमला गेले. विकत घ्यायला नव्हे. साहेबांची नवी आवृत्ती बाजारात आहे, शत्रू बघून यावा म्हटलं.

दिसायला हुबेहूब. तीच थेंबाची टाकी, तीच सोनेरी रेघ (स्टिकर आहे, नखाने खात्री केली), तीच टोपी. पण बटण दाबलं की चालू. काटा नको, पट्टी नको, विनवणी नको. अंगात आजोबांचा कोट आणि खिशात नातवाचा मोबाइल! टाय घातलेला सेल्समन म्हणाला, मॅडम, क्लासिक लुक, झीरो टेन्शन. मी म्हटलं, टेन्शनशिवाय क्लासिक कसलं? त्याने मोठ्याने हसून टेस्ट राइडची किल्ली दिली.

गिअर टाकायला उजवा पाय दाबला, ब्रेक लागला. पुन्हा दाबला, पुन्हा ब्रेक. सेल्समन म्हणाला, मॅडमना ब्रेक फार आवडलेला दिसतोय. म्हणजे माझ्या हाडात जुनं वळण किती पक्कं आहे बघा. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते इतके हसले की खोकला आला. हसताना तोंडाची उजवी बाजूच हसते. आधी हे लक्षात आलं नव्हतं.

२१ मार्च

शोरूमला आणखी दोन-तीनदा जाऊन आले. साहेब चालू होत नाहीत तोवर रस्त्याचा सराव तुटायला नको, एवढंच. आता डाव्या पायाने गिअर आणि उजव्याने ब्रेक अगदी सहज जमतो. टायवाला म्हणाला, मॅडम आता बुकिंगच करून टाका. मी म्हटलं, घरी विचारते. हे खोटं नाही, घरी मी कितीतरी गोष्टी विचारत असते.

गाडी छान आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. वळणावर अशी झुकते की वाटतं, हिला आपलं मन कळतं. सिग्नलला थांबले तर शेजारच्या कारमधले आजोबा काच खाली करून म्हणाले, पोरी, माझ्याकडे अशीच होती. मी म्हटलं, माझ्या बाबांकडे अजून आहे. दिवसभर खूश होते.

२३ मार्च

दुकानात एक काकू आल्या. नवीन चष्मा घातल्यापासून पायऱ्या वाकड्या दिसतात, म्हणाल्या. काचा उलट बसल्या होत्या. मी बसवल्या होत्या. मालक ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, घरी आजारपण आहे, होतं असं. मी म्हटलं, घरी सुधारणा आहे. काकूंना एक तारखेला नवीन चष्मा द्यायचा आहे.

साहेबांचा याच्याशी काही संबंध नाही.

२६ मार्च, सकाळी

साहेब बोलले!!

आज बाबा पुरे म्हणताक्षणी बोट उचललं. काटा, पट्टी, किक. आधी एक ढेकर, मग एक ठोका, मग दुसरा, मग सगळी शेड बोलायला लागली. खिळ्याला टांगलेला पाना टकटक हलत होता. आई पदराला हात पुसत बाहेर आली, आणि तिने केस नीट केले. मागच्या सीटवर बसायच्या आधी ती असे केस बांधायची. मग भानावर आल्यासारखी म्हणाली, बंद करा, शेजारचं बाळ उठेल. शेजाऱ्यांकडे जाऊन मी माफी मागितली. बाळ घरात नव्हतंच.

बाबांनी डोळे मिटले होते. उजव्या हाताने खुर्चीच्या हातावर ठोके देत होते. डावा हात मांडीवर होता. तोही थोडा हलला. (इंजिनाच्या हादऱ्याने हलला असेल, असं कोणी म्हणेल. म्हणो.)

२८ मार्च

जिंकले. व्यवस्थित लिहिते.

साहेब दुसऱ्या प्रयत्नात चालू. दादा फाटकाशी. आई दारात. बाबा खुर्चीत, शेडच्या तोंडाशी. गिअर वर उचलून पहिला टाकला, कोपऱ्यापर्यंत गेले. भाजीवाल्याने हात केला. वळले. परत निघाले. पुन्हा पहिला गिअर. फाटकातून आत शिरले. इथपर्यंत एकही चूक नाही.

थांबायचं होतं. उजवा पाय दाबला. साहेबांत तो गिअर. साहेबांनी दुसरा गिअर घेतला आणि पुढे निघाले. मी आणखी जोरात दाबला. समोर बाबांची खुर्ची. बाबा ओरडले, ब्रेकचा पाय! डिसेंबरनंतर इतका मोठा आवाज त्यांनी पहिल्यांदा काढला. त्यांना उठता येत नव्हतं. उजव्या हाताने खुर्ची मागे ढकलत होते आणि खुर्ची जागच्या जागी गोल फिरत होती.

मी हँडल वळवलं. सामान बांधून ठेवलेल्या खोक्यांत शिरले. आईच्या कपबशा. इंजिन बंद पडलं. बाबांना काही लागलं नाही. हेडलाइटची टोपी चेपली. मला खरचटलं.

दादाने खुर्ची लांब नेली. म्हणाला, गेलीस, आलीस, जिंकलीस. पार्किंग तुझं. त्याने टोमणा मारायला हवा होता. मारला नाही.

आईने कपबशांचे तुकडे गोळा केले.

असो. ठरल्याप्रमाणे जिंकले.

२९ मार्च, दुपारी

बाबांनी बोलावलं. म्हणाले, दादाला सांग, त्या माणसाला फोन कर. मी म्हटलं, पण मी जिंकलेय. म्हणाले, माहीत आहे, बघायला मीच समोर होतो.

मी म्हटलं, कालची चूक परत होणार नाही, डावा पाय ऐनवेळी आठवला नाही. ते म्हणाले, तुला आठवत नाही, मला आठवतो पण हलत नाही. मग साहेबांना थांबवणार कोण?

मी म्हटलं, व्यायाम चालू आहे, जूनपर्यंत—

त्यांनी उजवा हात वर केला. सावकाश बोलले. डॉक्टर डावी बाजू म्हणाले, तेव्हाच मी मनात म्हटलं, ब्रेकचा पाय गेला. तुला हे कळलं नव्हतं असं सांगू नकोस. डावं-उजवं तुला मीच शिकवलंय.

मी म्हटलं, नव्या गाडीत ब्रेक उजव्या पायात असतो.

त्यांनी विचारलं, आणि गिअर?

मी माझ्या डाव्या पायाकडे बघितलं.

मी विचारलं, मग इतके दिवस मला शिकवलंत कशाला? म्हणाले, एकदा आवाज ऐकायचा होता. आणि तू रोज इतकी खुशीत यायचीस, माझ्याच्याने सांगवेना. काल ओरडून सांगितलं, तर तेही उशिराच.

कळलं होतं. पहिल्या दिवसापासून कळलं होतं. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

३० मार्च

गिऱ्हाईक टेंपो घेऊन आलं. चांगला माणूस वाटला. चेपलेली टोपी रुमालाने पुसली. साहेब चालू करायला बघत होता, झाले नाहीत. कार्ब्युरेटरचं बटण दाबतच होता. बाबा खुर्चीतून म्हणाले, पुरे. तो थांबला नाही. ढकलूनच चढवले.

बाबांना फाटकापर्यंत यायचं होतं. दादाने आणि मी धरून पायरी उतरवली. टेंपो वळल्यावर बाबा म्हणाले, जमेल त्याला, मीठ जरा जास्त घालतो.

आत आणताना दिसलं, त्यांची एक चप्पल पायरीवरच राहिली होती. त्यांना कळलं नव्हतं. मी खाली बसून ती पायात घातली. डावा पाय. थंड होता. अंगठा धरून थोडा वेळ बघितलं. हलला नाही.

आईने हाक मारली, खोकी उचलायची आहेत. परवा काकूंचा चष्मा.