नखभर फट

४ मार्च, सोमवार

आरसा गेला! दादाने उपटला. दोन्ही हातांनी धरून कोंबडीची मान पिरगाळतात तसा पिरगाळला. दांड्याचा तुकडा भोकात तसाच अडकून राहिला आणि वरचा भाग त्याच्या हातात आला. तो भिंतीवर आपटला. मग गाडीला लाथ. गाडी आडवी. मग माझ्याकडे वळला.

कारण काय, तर किल्ली. 'आण इकडे, मित्राकडे जाऊन येतो.' मी म्हटलं, डब्यात बावीस जणांचं रक्त आहे, लॅबमध्ये पोचवते आणि मग देते. बस, एवढंच. आई स्वयंपाकघराच्या दारातून: 'त्याला उलट बोलू नकोस गं!' बावीस जणांचं रक्त म्हणजे उलट बोलणं.

दोनच बसल्या. खांद्यावर आणि पाठीत. कानाला हात लावला नाही. तिथलं काम दोन वर्षांपूर्वीच उरकलंय.

५ मार्च, मंगळवार

आज गाडी चालवताना कळलं, आरसा म्हणजे माझा उजवा कान होता.

दादा डावखुरा. समोरून मारली की उजव्या बाजूला बसते. वहिनी गेली त्या दिवशी मी तिला पुढचं दार उघडून दिलं, तिची बॅग रिक्षात ठेवली, त्याबद्दलची ती एक. एकच! पडदा फाटला. कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, कशाने? आई माझ्या आधी म्हणाली, 'न्हाणीघरात पाय घसरला.' वहिनी सुटली. मी आत राहिले, उजवीकडून बहिरी.

आणि ओव्हरटेक करणारं प्रत्येक वाहन उजवीकडूनच येतं. गाडी बॅटरीची, तिचा स्वतःचाही आवाज नाही. मी तिला मुकी म्हणते. एक बहिरी, एक मुकी, दोघी मिळून सकाळी सहापासून लोकांच्या घरी जाऊन सुया टोचतो. बरं चाललं होतं आमचं.

दर दोन मिनिटांनी मान वळवून बघत गेले. संध्याकाळी मान लाकूड.

७ मार्च, गुरुवार

मेले असते.

पुलाच्या उतारावर टेम्पो. ऐकू आला नाही. दिसला तोपर्यंत त्याच्या फळीने माझ्या कोपराला चाटलं आणि मी रस्त्याच्या कडेला, मुकी माझ्या पायावर, डबा फुटलेला. अकरा नळ्या फुटल्या. माझ्या पांढऱ्या कोटावर, हातांवर, मानेवर अकरा माणसांचं रक्त! बघे जमले. एक बाई मला बघून रडायलाच लागली. मी तिला समजावतेय, 'अहो, माझं नाही हे, उपाशीपोटी साखरेच्या तपासणीचं आहे.' ती आणखीच रडली.

घरी आले तशीच. आईच्या हातातलं भांडं पडलं. दादा सोफ्यावर. वर बघून हसला. म्हणाला, 'बहिरीला गाडी कशाला हवी!'

त्या क्षणी माझ्या पिशवीत नव्या सुयांचं पाकीट होतं. मला त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. मला शिरा दिसतातच, तो माझा धंदा आहे. पहिल्याच टोचणीत सापडली असती.

कोट भिजत घातला. पाणी तीनदा बदललं.

८ मार्च, शुक्रवार

लॅबच्या डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. अकरा जणांना फोन करून पुन्हा उपाशी राहायला सांगावं लागलं होतं, तेव्हा ओरडणार हे ठरलेलंच. ओरडल्या. मग दार लावून घेतलं. म्हणाल्या, 'कोपर दाखव.' दाखवलं. म्हणाल्या, 'पाठ दाखव.' कोपर टेम्पोचं आणि पाठ कोणाची, हे त्यांना न सांगता कळलं.

मग म्हणाल्या, 'नदीपलीकडची शाखा एक तारखेपासून सुरू होतेय. वर एक खोली आहे, रिकामी. तिथे फिरतीला माणूस हवंय, स्वतःची गाडी असलेलं. तू जाशील?'

मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर भोकाड पसरलं असतं.

'पण आरसा बसवल्याशिवाय मी तुला रस्त्यावर सोडणार नाही. सोमवारी गाडी मला दाखवायची.'

खोली! आतून कडी असलेली!! आई एकटी पडेल त्याच्याबरोबर, हे दिवसभर टोचत राहिलं. आईला दादाची भीती वाटते की दादासाठी, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, तो मनाने वाईट नाही.

९ मार्च, शनिवार

आरशांच्या दुकानात पाऊण तास. दुकानदार वैतागला. 'मॅडम, मागचं बघायला हवाय की मेकअपला?' मी म्हटलं, जीव वाचवायला.

नेहमीचा आरसा बसणार नाही, कारण भोकात तुकडा अडकलाय. पट्ट्याने आवळायचा एक असतो, त्याला हॅण्डलवर चार बोटं जागा लागते. माझ्याकडे दोन बोटंसुद्धा नाही. ब्रेक, दिव्याची बटणं, बॅटरीचा काटा, सगळी गर्दी. उरला तो हॅण्डलच्या टोकाला बसणारा. त्याचा खुंटा नळीत घालायचा आणि आवळला की तो आतल्या आत फुगून घट्ट बसतो.

त्यातही दोन. सपाट काचेत अंतर खरं दिसतं, पण रस्ता पट्टीएवढाच. फुगीर काचेत सगळा रस्ता दिसतो, पण सगळं लांब लांब. दुकानदार म्हणाला, 'यात जे लांब वाटतं ते जवळ आलेलं असतं बरं का, सवय करावी लागेल.' ती सवय मला लहानपणापासून आहे. फुगीर घेतला. गोल, बशीएवढा.

१० मार्च, रविवार

स्वतः बसवला! दादा झोपला होता, आई शेजारी गेली होती. उजव्या मुठीचं रबर टोकाशी बंद असतं, ते ब्लेडने गोल कापलं. खुंटा आत घातला. हलायला नको म्हणून तळहाताने ठोकून पार आत बसवला, अ‍ॅलन-कीने करकचून आवळला. काय देखणा दिसत होता.

मग चक्कर मारायला निघाले.

फाटकातून बाहेर पडून रेस दिली. मूठ सोडली तर ती परत फिरेचना! आरशाचं बूड मुठीला घट्ट चिकटलं होतं, जिथे पिळली तिथेच अडकली. मुकी पळत सुटली. गल्ली उताराची आणि खाली मोठा रस्ता, ट्रकांचा. ब्रेक दाबला, तरी मोटर पुढे ओढतेय. गाडी आवाजसुद्धा करत नाही, नुसती पळते. बांधकामाच्या वाळूचा ढीग दिसला, त्यात घातली. किल्ली फिरवून बंद करता आली असती, हे सुचलं ते वाळूत तोंड खुपसल्यावर.

गुडघा सोलला. दात शाबूत. आरसा शाबूत!

कोणी बघितलं नाही. घरी सांगितलं नाही.

११ मार्च, सोमवार

मिस्त्रीकाकांकडे गाडी ढकलत नेली. त्यांनी मूठ पिळून सोडली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पिळली. म्हणाले, 'ताई, तुम्ही जिवंत कशा?'

आरसा सैल केला, बाहेर ओढला, पुन्हा आवळला. 'मूठ आणि आरसा यांच्यात नख जाईल एवढी फट पाहिजे. एवढीच, पण पाहिजेच. धक्का लागला, गाडी पडली की आरसा आत सरकतो. रोज सकाळी नख घालून बघायचं. गेलं तर बसायचं, नाही गेलं तर बसायचं नाही.' अ‍ॅलन-की माझ्या हातात ठेवली. 'ही जवळ असू द्या. दोन मिनिटांचं काम आहे.'

आणखी एक निघालं. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद व्हायला हवी, त्याची वायर तुटलीय. चार तारखेच्या लाथेत गेली असणार. 'पार्ट मागवतो. पुढच्या सोमवारी या. तोवर जपून.'

डॉक्टरबाईंना गाडी दाखवली. आरशात स्वतःची टिकली नीट केली आणि म्हणाल्या, 'छान आहे.'

१२ मार्च, मंगळवार

नख गेलं. तेवीस घरं. एकदाही मान वळवली नाही.

१४ मार्च, गुरुवार

नख गेलं.

आज फाटकातून निघताना आरशात दादा दिसला. ओट्यावर उभा, कमरेवर हात. फुगीर काचेत एवढासा, अंगठ्याएवढा. पुढे जात गेले तसा लहान होत गेला. वळणावर दिसेनासा झाला. इतकी हसले हेल्मेटच्या आत की सिग्नलला शेजारचा माणूस बघायला लागला.

एक लिहून टाकते, इथे वाचणारं कोणी नाही. हे लॅबचं जुनं रजिस्टर आहे आणि बर्फाच्या पाकिटांखाली असतं. मला वाटतं, तो मरावा. रागाच्या भरात नाही, शांतपणे वाटतं. भाजी निवडताना, नळीवर नाव लिहिताना. दुसऱ्याच्या दंडाला पट्टा बांधताना वाटतं आणि मी त्या माणसाला गोड आवाजात सांगते, मूठ घट्ट मिटा.

सतरा दिवस उरले.

१६ मार्च, शनिवार

आईने लिहिलेलं नाही बघितलं, कपड्यांची पिशवी बघितली. पलंगाखालची. घाबरून दादालाच विचारलं, 'ही कुठे निघालीय रे?'

सगळं लिहिता येणार नाही, डावा हात भराभर चालत नाही. थोडक्यात.

मी गाडी आत घेत होते. त्याने फाटक लावलं. पहिली हेल्मेटनेच मारली, माझ्याच हेल्मेटने. मग गाडी ढकलली, ती उजव्या अंगावर धाडकन पडली. मी उठवायला वाकले. मूर्ख! आधी गाडीच उठवायला गेले. तेव्हा त्याने माझ्या उजव्या हातावर पाय दिला. बुटाचा. आणि फिरवला, विडी विझवतात तसा. 'आता टोच सुया. टोच ना!'

ऐकलं मी. डाव्या कानाने, आणि ते हाडं मोडल्याचंही.

आई मध्ये पडली नाही. ओरडत होती, पण मला! 'कशाला उलट बोलतेस त्याला, कशाला!' मी एक अक्षर बोलले नव्हते.

दोन बोटं मोडली. प्लास्टर घालणाऱ्याला आईने सांगितलं, गाडीवरून पडली.

१७ मार्च, रविवार

हेही डाव्या हाताने. अक्षर पोरासारखं येतंय.

जेवताना दादा म्हणाला, 'उद्यापासून गाडी मी वापरणार. हिला काय करायचीय आता.' मासा नीट काटे काढून खाल्ला. आईने त्याला पुन्हा वाढलं.

डॉक्टरबाईंचे चार फोन. उचलले नाहीत. दोन बोटं मोडलेल्या बाईला नदीपलीकडे कोण ठेवणार?

१८ मार्च, सोमवार

उठले आणि सवयीने गाडीपाशी गेले. डाव्या हाताचं नख घालून बघितलं. जात नाही. शनिवारी पडली तेव्हा आरसा आत सरकला. काचेला ओरखडासुद्धा नाही.

अ‍ॅलन-की खिशात होती. दोन मिनिटांचं काम. डाव्या हाताने चार. खिशातच राहू दिली.

दादा बूट घालून आला. किल्ली मागितली. दिली. 'दादा, त्या मुठीपाशी—' एवढं म्हटलं मी. खरंच म्हटलं.

आई दारातून म्हणाली, 'उलट बोलू नकोस गं त्याला.'

नाही बोलले.