कोरड्या तलावात बुडाल्याबद्दल

तीर्थरूप मामांना,

टाचणीचा साष्टांग नमस्कार. (पोटावर आडवी पडूनच घालते आहे, हल्ली सवय झाली आहे.) तुमचा गुडघा बरा असेल, मामींचा खोकला थांबला असेल आणि शेजाऱ्यांशी तुमचं भांडण सुखरूप चालू असेल, असं धरून चालते. आमच्याकडे सगळं ठीक. फक्त मी आणि आई बुडालो.

घाबरू नका, आधी पूर्ण वाचा. आपल्या शाळेत दाखला हवा तर पोहण्यातही पास व्हावं लागतं, हे तुम्हाला आठवत असेलच. तलाव मी पाचवीत असतानाच अर्धाअधिक बुजवला आणि आता त्या खळग्यात शिक्षकांच्या गाड्या लागतात. नियम मात्र बुजवायचा राहिला. म्हणून आम्ही पोटाखाली चाकांची फळी घेऊन, हातपाय मारत, सिमेंटवरून या टोकापासून त्या टोकाला जातो. कवायतीचे सर काठावर शिट्टी आणि दोरी घेऊन उभे असतात. (त्यांचा तोल गेला तर पंचाईत, त्यांना पोहता येत नाही.) माझं अर्धं अंतर छान झालं होतं, तेवढ्यात गणिताच्या सरांनी गाडी मागे घेतली. मी उठून उभी राहिले. कोणीही राहील. पण कवायतीच्या सरांनी शांतपणे समजावलं, की नियमात तलाव सात फूट खोल आहे आणि माझी उंची पाच, तेव्हा उभी राहिलेली मुलगी पाण्याखाली गेली. त्यांनी टोपी काढली. वर्गाने दोन मिनिटं शांतता पाळली. मीही पाळली.

तेव्हापासून हजेरीत माझं नाव गाळतात. बुडालेल्याची फेरपरीक्षा नसते, असं मोठ्या बाई म्हणतात, आणि त्यात चूक कुठे आहे ते मला सापडत नाही. मग आई भांडायला आली. तुमची बहीण कशी भांडते ते तुम्हाला मी काय सांगू. ती चपलांसकट तरातरा तलावाच्या मधोमध गेली आणि म्हणाली, "पोरगी धडधडीत समोर उभी आहे, दिसत नाही का तुम्हाला?" सरांनी पुन्हा टोपी काढली. आता तिला पालकसभेत बसू देत नाहीत. बाबा फिरतीवर होते म्हणून वाचले.

हसायचं तर हसा. पण मामा, मला चित्रकलेच्या कॉलेजात जागा मिळाली आहे आणि दाखल्यावाचून ती जाईल. मैत्रिणी पुढे जातील आणि मी इथेच गाड्यांमध्ये राहीन, या विचाराने मला खरंच रडू येतं. (रडू नकोस, असं सर म्हणतात, पाणी वाढतं.)

मामींना नमस्कार, छोटीला पापा.

तुमची,
शाळेपुरती दिवंगत,
टाचणी

ता. क. याच शाळेत पोहण्यात पास झालेल्या सख्ख्या नातेवाइकाने बाहेर ओढून काढलं, तर बुडालेला वाचला असं धरतात. आपल्यात तसे तुम्ही एकटेच. सोमवारी सकाळी या. आईचं वजन लक्षात घेऊन या.

ता. क. २. आई म्हणते, तुम्हाला बादलीचीसुद्धा भीती वाटायची आणि तुमची परीक्षा तिनेच तुमची टोपी घालून दिली होती. हे ती कुणाला सांगणार नाही. सोमवारपर्यंत.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच कळलं, की शाळेची टाकी फुटून तलावात खरंच कमरेइतकं पाणी साठलं आहे. मोठ्या बाईंनी लगेच पाटी लावली, की पाण्यामुळे पोहण्याच्या सर्व परीक्षा पुढे ढकलल्या आहेत. आई त्यात दोन फेऱ्या मारून आली, पण ती आधीच बुडालेली असल्याने त्या धरल्या नाहीत. तेव्हा तुम्ही सोमवारऐवजी बुधवारी या. तोवर पाणी ओसरेल, मग तुम्हाला भीती नाही.