दहा मिनिटं मागे

ता. ३, सोमवार
आजपासून रोजनिशी. वही ताईच्या सामानाच्या यादीची आहे. पुढून ती लिहिते, मागून मी.
संकल्प: १) ही नोकरी टिकवायची (अकरावी). २) रोज व्यायाम. ३) आठवलं की लिहितो.
ताईचा फतवा: महिनाअखेर पर्मनंट झालास तर गच्चीवरची खोली तुझी, नाहीतर बॅग उचल. भावजींनी माळ्यावरून बॅग काढून पुसून ठेवली.
गाद्यांच्या कारखान्याचा नियम: सहा महिन्यांत तीन लेट मार्क, की घरी. माझे दोन झालेत. एकदा रस्त्यात क्रेन बघत उभा राहिलो, एकदा ढग. तो ढग कुणीही बघितला असता.
आज ९.०८. वॉचमन पाणी भरायला गेलेले. त्यांना सगळे ठसेकाका म्हणतात, कारण लेट मार्कचा लाल ठसा मारताना त्यांचा चेहरा खुलतो. मी स्टुलावर चढलो आणि गेटवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे केलं. ८.५८. वाचलो.
संध्याकाळी परत पुढे करणे. विसरू नये.

ता. ४, मंगळवार
विसरलो. रस्त्यात एक माणूस शिडी घेऊन सायकलवर चालला होता. त्याच्या मागे कुठवर गेलो कळलं नाही.

ता. ७, शुक्रवार
सलग पाच दिवस वेळेवर! माणूस ठरवलं तर बदलू शकतो. व्यायाम सोमवारपासून.

ता. १२, बुधवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आता खेळ खल्लास. पण म्हणाले, नव्या पोरांत तूच एक वेळेचा पक्का. म्हणून मला 'कर्मचारी विश्वास अधिकारी' केलं. बिल्ला मिळाला. पिन वाकडी आहे.
प्रश्न असा: कामगार म्हणतात कंपनी रोज दहा मिनिटं खाते. सहाची घंटा उशिरा होते, ६.०५ ची बस जाते, पुढची पाऊण तासाने. साहेब म्हणाले, "ते घड्याळ माझ्या वडिलांनी लावलंय. त्याच्यावर विश्वास नाही म्हणजे कंपनीवर विश्वास नाही." मी मान डोलावली. लोक किती संशयी असतात!
महिनाअखेर वातावरण सुधारलं की पर्मनंटचं पत्र.
घड्याळाचा विषय बारीक आहे. मूळ प्रश्न मनाचा.

ता. १४, शुक्रवार
'मन मोकळं करा' पेटी लावली. नाव लिहायचं नाही. तेवीस चिठ्ठ्या आल्या. बावीसवर 'घड्याळ'. एकीवर 'स्टूल जागेवर ठेवत जा'.
निष्कर्ष: लोकांना वेळ हवाय. आपुलकीचा. स्टुलाचं कळलं नाही. शिस्तीबद्दल असावं.

ता. १९, बुधवार
विश्वासाचा खेळ ठेवला. एकाने डोळे मिटून मागे पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं. अधिकारी म्हणून पहिला मी. मी पडायला आणि घंटा व्हायला एकच गाठ. सगळे बसकडे पळाले. अख्खा कारखाना गाद्यांनी भरलाय, मी पडलो नेमका फरशीवर.
शिलाईतल्या मावशी थोड्या वेळाने परत आल्या. बस गेली होती. त्यांनीच मला उठवलं. म्हणाल्या, "झेललं असतं रे, पण मग बस कोण झेलणार?" त्यांची सून संध्याकाळच्या पाळीला जाते. मावशींना उशीर झाला की नात शेजारणीकडे. शेजारीण आता दार उघडताना तोंड वाकडं करते म्हणे.
मी म्हटलं, मावशी, कंपनीवर विश्वास ठेवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे.

ता. २०, गुरुवार
पाठ धरली. रजा. शेजारीण डोक्यातून जाईना.
घड्याळ पुढे करायला काय हरकत आहे? माझ्या वेळेवर येण्याचा आणि घड्याळाचा काही संबंध नाही. ते आता अंगात मुरलंय.

ता. २४, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत काम केलं. सुट्टी दहा मिनिटांनी आखडली, कुणी हूं की चूं नाही. सहाच्या ठोक्याला घंटा. सगळ्यांना बस! मावशी खिडकीतून हात हलवत होत्या.
साहेब म्हणाले, काय जादू केलीस? मी म्हटलं, मनावर काम केलं, सर. पत्र टाइप झालंय, उद्या सही. ताईने गच्चीवरची खोली झाडली. भावजींनी बॅग परत माळ्यावर ठेवली. स्टुलावर चढून!

ता. २५, मंगळवार, सकाळी ११
नेहमीच्या वेळी निघालो. नेहमीच्या वेळी पोचलो. ९.०८.
ठसेकाकांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, काका, घड्याळ पुढे आहे. ते म्हणाले, "साहेबांच्या वडिलांनी लावलंय." आणि ठसा.
साहेबांनी पेनचं टोपण लावलं. त्यांनाही वाईट वाटलं बहुतेक. पण बाहेर शिलाईत मी कानांनी ऐकलं: "स्वतःच्या माणसालाही सोडलं नाही! नियम म्हणजे नियम. असा साहेब असल्यावर काम करायला बरं वाटतं." मशीनी अशा धडधडायला लागल्या की विचारू नका.
म्हणजे विश्वास आलाच की. कामगिरी फत्ते.
बिल्ला परत केला. मावशी गेटपर्यंत आल्या. म्हणाल्या, "चिठ्ठी टाकली होती ना तुला? स्टुलावर तुझ्याच चपलेचा ठसा होता." मी म्हटलं, मग साहेबांना का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "म्हटलं, करेल पोरगा स्वतःहून. केलंस की. दहा दिवस लावलेस, मेल्या."
बसस्टॉपपर्यंत चालत गेलो. वाटेत काहीच बघितलं नाही.

ता. २५, संध्याकाळी ६.०५
बॅग पुन्हा खाली. भावजींनी तिची चेन दुरुस्त करून दिली.
ताई वही मागतेय, यादी पुरी करायचीय. देण्याआधी पुढून उघडून बघितली. आजच्या यादीच्या पहिल्याच ओळीत तिचं अक्षर: 'गजराचं घड्याळ, एक. त्याला बरोबर द्यायला.'
खाली भावजींचं: 'दहा मिनिटं पुढे करून.'