तांदळाच्या दाण्याएवढा सुळा

चंदीगड, नोव्हेंबर १९८८, गुरुवार संध्याकाळ

दिसला! मिनूचा हिरडीत आडवा अडकलेला सुळा आज बाहेर डोकावला. तांदळाच्या दाण्याएवढाच, पण डोकावला!

मागच्या आठवड्यात ऐन कर्फ्यूत तो ओढणारं, दातांच्या तारेला लावलेलं रबर तुटलं आणि दवाखाना बंद. सरदारजी डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं मीच घरातलं जादा रबर तारेत अडकवलं, क्रोशाची सुई उकळून. नीट बसलं असेल ना? आठवडाभर तोच घोर.

आज दवाखाना उघडल्यावर डॉक्टरांनी तोंडात आरसा धरून विचारलं, "ये किसने लगाया जी?"

घरातही हिंदी झाडणारी मिनू आ वासूनच ओरडली, "माझ्या आईने!"

तांदळाचा दाणा! क्रोशाने विणायला घेतलेला अर्धवट रुमाल गेला खड्ड्यात. सुई आता दातांचीच.