ताईची नोकरी आणि पुढचं दार

१२ मार्च २०१६, मनुरेवा
ताईला दोन्हीकडून होकार. दोन्ही हॉस्पिस, म्हणजे जायला टेकलेल्या माणसांचंच नर्सिंग. एक कंपनीचं, इथून जवळ, कायमची नोकरी, दिवसपाळी. दुसरं ट्रस्टचं, देणग्या आणि जुन्या कपड्यांच्या दुकानावर चालणारं, पार खाली अप्पर हटला, गाडीने आठ तास. भाऊजींचं काम ईस्ट टामाकीत. तिकडे गेली तर घर दोन ठिकाणी. भाचीची, इराची शाळा कुठे, आणि (महत्त्वाचं!) मी कुठे झोपणार?
आईचा फोन: "जयभीम. कंपनीचंच घे बाई, ट्रस्टचा काय भरवसा." ताई नुसती "हं". ताईचं हं म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, गप्प बसा.
दोन्ही जागा आधी बघणार म्हणते.

१५ मार्च, रस्त्यात
ड्रायव्हर मी. माझ्या कोर्सला दांडी. टाउपोला तळ्याकाठी एक जण ट्राउट साफ करत होता, त्याच्याशी बोलत बसलो. ताई गाडीतून ओरडली, "मासा तुझा मावसभाऊ आहे का? चल!"

१६ मार्च, अप्पर हट
ताई आत ट्रस्टवाल्यांशी बोलत होती, मी बागेत. स्वयंपाकघरातली माओरी बाई, सगळे तिला आंटी म्हणतात, "किया ओरा, रिकामा दिसतोस" म्हणाली, एप्रन दिला आणि सिंकपाशी उभं केलं. मोबदला स्कोन, इथला गोडसर पाव. हीप्स, म्हणजे ढीगभर.
मध्येच घंटा. आंटीने सुपाखालचा गॅस बंद केला. "चल." कॉरिडॉरमध्ये सगळे भिंतीला लागून उभे. नर्सेस, डॉक्टर, लादी पुसणारा, ताईसुद्धा. एका आजोबांना नेत होते. अंगावर हाताने शिवलेली गोधडी, चेहरा उघडा. नातीच्या हातात त्यांची मासेमारीची टोपी. पुढच्या दाराने नेलं. आंटी म्हणाली, ज्या दाराने आले त्याच दाराने जातात इथे.
मी माझ्या पायांकडे बघितलं. जँडल्स, म्हणजे रबरी चपला. एप्रन ओला. अशा वेळी हा अवतार. तिला कळलं. "स्वीट ॲज, चालतंय. उभा राहिलास ना."
मग ती परत सुपाकडे.
परतीला गाडीत ताई म्हणाली, "आबांना हॉस्पिटलातून मागच्या जिन्याने दिलं होतं, आठवतं?" मला नाही आठवत, वडील गेले तेव्हा लहान होतो. तिला जिन्यावरच्या बादल्यापण आठवतात.

१८ मार्च
आज कंपनीचं. मला वाटलं होतं, नुसता चकचकाट असेल. तसं नाही! ताईच भारावून आली. खोल्यांत ऊन, नातेवाइकांना झोपायला पलंग, दुखण्याचं औषध मागायच्या आत हजर, रात्रीलाही पुरेशा नर्सेस. "ट्रस्टमध्ये रात्री एकटीवर सगळं असतं रे." मॅनेजर ज्युडी पण भली बाई.
जाता जाता ताईने तिला विचारलं, गेलेल्यांना कुठल्या दाराने नेता? मागच्या. ब्रेडची गाडी लागते तिथून. बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून.
"त्यांना विचारलंय कधी?"
नव्हतं विचारलं.
"पुढून नेणार असाल तर मी येते." असं कोण बोलतं नोकरी देणाऱ्याला! मी असतो तर ब्रेडपण उतरवून दिला असता.
जेवताना भाऊजी: "अगं, दाराचं काय एवढं?" इरा: "इट्स अ गुड क्वेश्चन, आई." ट्रस्टला उत्तर आठवड्याभरात द्यायचंय.

२३ मार्च, कंपनीच्या पार्किंगमध्ये
दुपारी ज्युडीचा फोन. एक आजी गेल्या, घरचे पुढच्या दाराला तयार आहेत. "एकदा करून बघते. येतेस उभी राहायला?" ताईचे हात कणकेत होते. तसेच धुतले न धुतले करून निघाली. मी ड्रायव्हर.
ट्रस्टला अजून काही कळवलेलं नाही. गाडीत विचारलं, हे जमलं तर इथे? "हं."
इथून दिसतंय. पुढचं दार झाडाची कुंडी टेकवून उघडं ठेवलंय. आत ज्युडी, दोन नर्सेस, ताई. बाकी खोल्यांची दारं बंद. वाटतंय, नाहीच येणार कुणी.
एक दार उघडलं. वॉकरवाली म्हातारी, सपातांत. ताईला काहीतरी विचारतेय. ताईने तिला भिंतीशी जागा करून दिली. अजून एक दार... कोण आहे दिसत नाही.
मी पण जातो आत. जँडल्स चालतील.